डाकीण कशी ठरते? सातपुडा, स्कॉटलंड आणि आजची चेटकं

सातपायरी

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगी, अक्कलकुवा या पट्ट्यात आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, लिहायला सवड आहे. 'डाकीण ठरवून महिलेला मारहाण' अशी बातमी वर्तमानपत्रात येते, आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण मारहाण हा शेवट असतो. त्याआधी कित्येक महिने गावात काय शिजत असतं, ते बातमीत कधी येत नाही. तेच इथे मांडते.

सुरुवात बहुतेक वेळा आजारपणाने होते. तान्हं मूल तापाने फणफणतं, गाय आटते, धडधाकट माणूस बघता बघता खंगतो. आधी घरचा झाडपाला होतो. मग बडव्याकडे जातात. कुणी त्याला भगत म्हणतात, कुणी पुजारा. तो दाणे टाकून बघतो. पहिल्याच बैठकीत तो नाव घेत नाही. 'बाहेरचं नाही, गावातलंच आहे', 'दार उगवतीकडे आहे', 'तुमच्याशी तिचं वाजलेलं आहे', असं एकेक सांगत जातो. नाव घरचेच मनाशी भरतात. ज्या बाईशी बांधावरून भांडण झालेलं असतं, जिला उसने दाणे नाकारलेले असतात, जी जाताना काहीतरी पुटपुटली होती, ती आठवते. पुढच्या बैठकीत घरचेच नाव सुचवतात आणि बडवा मान डोलावतो.

नाव ठरलं म्हणून लगेच कुणी काठी उगारत नाही. ती हापशावर आली की बाकीच्या बाया हंडे उचलतात. लग्नाचं बोलावणं येत नाही. तिच्या अंगणातून पोरं जात नाहीत. मग गावात पुढचा मृत्यू होतो आणि त्या रात्री सगळं बाहेर पडतं. कुणी घर सोडून गुजरातेत ऊसतोडीला निघून जाते, कुणी माहेरी जाते. तिथेही आळ मागोमाग पोचतो.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते सिकलसेलबद्दल. आमच्या भागात हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. आईबाप दोघेही वाहक असतील तर ते स्वतः ठणठणीत दिसतात, पण प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त जन्मण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाचे तळहात-तळपाय सुजतात, डोळे पिवळे होतात, थंडीत किंवा पाणी कमी पडलं की हाडं फोडून काढणारं दुखणं उठतं. चार दिवसांनी ते ओसरतं आणि पुन्हा येतं. आता त्या आईच्या जागी उभं राहून बघा. शेजारच्या घरची पोरं हुंदडतायत आणि माझ्याच घरात एकामागून एक का? माझ्याच घरावर कुणाची नजर आहे? हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. उत्तर न मिळालेला प्रश्न आहे. उत्तर रक्ताच्या तपासणीत असतं, पण तपासणी पोचायच्या आधी बडवा पोचलेला असतो.

सोल्युबिलिटीची साधी रक्तचाचणी, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस, आणि निदान झालं की फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया ही औषधं. एवढं वेळेवर झालं तर मूल शाळेत जातं. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तेव्हा मला औषधांइतकाच आनंद या गोष्टीचा झाला की एखादी तरी बाई आळातून सुटेल.

तुमच्या भागात हे कसं होतं, जरूर लिहा.

घाटमाथा

ताई, फार मोलाचं लिहिलंत. जव्हार-मोखाड्याकडे वारली, कोकणा समाजात डाकिणीलाच भुताळी म्हणतात. भगत सुपात तांदळाचे दाणे घेऊन बघतो. माझे वडील तिकडे आश्रमशाळेत शिक्षक होते. ते म्हणायचे, भगत गावात दोन कामं करतो. झाडपाला, हाडं बसवणं, बाळंतिणीची काळजी हे एक, आणि दोष कुणाचा ते सांगणं हे दुसरं. पहिलं काम आपण नाकारलं आणि दुसऱ्यावर फक्त ओरडलो.

मेळघाटात कोरकूंमध्ये तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या सळईने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. तिथे आळ नसतो, पण मुळाशी तीच अगतिकता दिसते.

एक विचारायचं होतं. यात जमिनीचा भाग किती?

सातपायरी

घाटमाथा, जमीन असते, पण मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी आधी आजार आणि मग जमीन असा क्रम होता. दीर आणि पुतणे नंतर सरसावतात. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

लीथकर

मी एडिनबरामध्ये राहतो. ताईंनी सांगितलेला क्रम वाचून चमकलो, कारण इथल्या जुन्या खटल्यांच्या कागदपत्रांत तो जवळजवळ जसाच्या तसा आहे.

स्कॉटलंडमध्ये 1563 साली चेटकाविरुद्ध कायदा झाला. तो 1736 पर्यंत टिकला. एडिनबरा विद्यापीठाने या काळातल्या नोंदी एकत्र केल्या आहेत, त्यात 3,800 च्या वर आरोपी आहेत आणि शंभरातल्या सुमारे 85 स्त्रिया. सगळ्यांना मारलं नाही, पण अंदाजे दोन तृतीयांश तरी गेल्या असाव्यात असं अभ्यासक मानतात. गळा आवळून मारायचं आणि मग देह जाळायचा, ही इथली रीत. इंग्लंडमध्ये फाशी देत.

आरोप कसे असत? 'माझ्याकडे दूध मागायला आली, मी नाही म्हटलं, ती बडबडत गेली, तिसऱ्या दिवशी गाय आटली.' चर्चच्या स्थानिक मंडळापुढे अशी तक्रार यायची. बाईला झोपू द्यायचं नाही, अनेक रात्री जागं ठेवायचं. झोपेविना माणूस भ्रमिष्ट होतो, मग ती काहीही कबूल करायची आणि आणखी नावं सांगायची. अंगावर सैतानाची खूण शोधायला टाचण्या टोचणारे पगारी लोक होते. टोचल्यावर दुखलं नाही, रक्त आलं नाही, की झाली चेटकीण.

राजाश्रय मिळाला की काय होतं तेही इथे दिसतं. 1590 मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून राणीला घेऊन परतताना समुद्रात वादळं लागली. ती चेटकिणींनी उठवली अशी त्याची खात्री पटली. नॉर्थ बेरिकच्या खटल्यात ॲग्नेस सॅम्पसन या बाईची चौकशी त्याने जातीने केली. पुढे 1597 मध्ये त्याने या विषयावर स्वतः पुस्तक लिहिलं. नंतर तोच इंग्लंडचाही राजा झाला.

त्याच्याच कारकिर्दीत लँकाशरमध्ये पेंडलचा खटला झाला. मार्च 1612 मध्ये ॲलिझन डिव्हाइस नावाच्या गरीब मुलीने एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने दिल्या नाहीत. थोडं पुढे जाऊन तो कोसळला. आज वाचताना सरळ पक्षाघात वाटतो. त्या प्रसंगातून सुरू झालेलं प्रकरण ऑगस्टमध्ये लँकेस्टरला दहा जणांच्या फाशीपर्यंत गेलं. ॲलिझनच्या आईविरुद्ध साक्ष दिली ती ॲलिझनच्याच सुमारे नऊ वर्षांच्या बहिणीने.

8 मार्च 2022 ला स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी संसदेत या सगळ्यांची माफी मागितली. एवढ्या उशिराच्या माफीचा काय उपयोग असं काही लोक म्हणाले. मला ती महत्त्वाची वाटते. दोषी असल्याचा शिक्का तीनशे वर्षं तसाच राहिला होता.

मृण्मयी_के

युरोपात 90 लाख स्त्रिया जाळल्या आणि त्या बहुतेक सुइणी आणि वैदू होत्या असं वाचलं होतं. म्हणजे स्त्रियांचं वैद्यकीय ज्ञान संपवण्याचा तो कट होता ना?

लीथकर

मृण्मयी, 90 लाखांचा आकडा अठराव्या शतकातल्या एका चुकीच्या हिशोबातून निघाला आणि पुढे पुस्तकांतून फिरत राहिला. खटल्यांची कागदपत्रं तपासून आज अभ्यासक संपूर्ण युरोपासाठी साधारण 40 ते 60 हजार मृत्यू धरतात. सुइणी आणि वैदूही सापडल्या, पण आरोपींत त्यांचा वाटा लहान होता. बहुतेक साध्या शेजारणी होत्या. मला तेच जास्त भयंकर वाटतं. कट असता तर कट करणारे शोधता आले असते. इथे साक्षीला उभे होते ते रोजच्या ओळखीचे लोक.

आता आजच्या चेटकाबद्दल, कारण इथे स्वतःला अभिमानाने 'विच' म्हणवणारे लोक भेटतात. माझ्या शेजारी अशा एक बाई आहेत. त्यांचा पंथ विका. वर्षाचे आठ सण: साउइन, यूल, इम्बोल्क, बेल्टेन वगैरे, म्हणजे अयनं, संपात आणि त्यांच्या मधले दिवस. पौर्णिमेला वर्तुळ आखतात, चार दिशांना आवाहन करतात, सुरी, पेला, छडी ही साधनं असतात. देव आणि देवी दोघांनाही मानतात. कुणाला अपाय करायचा नाही हा मुख्य नियम.

हा धर्म अतिप्राचीन आहे असं सांगितलं जायचं. तसा तो नाही. मार्गारेट मरे या इजिप्तच्या अभ्यासक. त्यांनी 1921 मध्ये मांडलं की चेटकिणी म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माचे लपून राहिलेले अनुयायी. इतिहासकारांनी ते पुराव्याअभावी फेटाळलं. पण जेरल्ड गार्डनर यांनी ती कल्पना उचलली. हे गृहस्थ मलायात सरकारी कस्टम्स खात्यात होते. 1936 मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला आले आणि 1939 मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या गटाने आपल्याला दीक्षा दिली असं त्यांनी सांगितलं. त्यांचं पुस्तक 1954 चं, म्हणजे चेटकाबद्दलचा 1735 चा ब्रिटिश कायदा 1951 मध्ये रद्द झाल्यानंतरचं. डोरीन व्हॅलिएंट यांनी विधींची भाषा घडवली. रोनाल्ड हटन यांनी 1999 मध्ये हा सगळा आधुनिक उगम तपशिलात दाखवून दिला, आणि विशेष म्हणजे अनेक विकापंथीयांनी तो मान्य केला. माझ्या शेजारीण म्हणतात, नवा असला म्हणून आमचा धर्म खोटा ठरत नाही. मला ते पटतं. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 74 हजारांनी पेगन (म्हणजे जुन्या निसर्गदेवता मानणारे) आणि 13 हजारांनी विका असं नोंदवलं.

पण एक फरक विसरू नये. माझ्या शेजारणीने ही ओळख स्वतः निवडली आहे. धडगावच्या बाईवर ती लादलेली असते. दोघींना एका मथळ्याखाली आणू नये असं मला वाटतं.

नर्मदाकाठ

मी पावरा आदिवासी. धडगाव तालुक्यातलाच, सध्या नाशिकला शिकतो. धागा पूर्ण वाचला. ताईंनी लिहिलेलं खरं आहे, माझ्या आत्यालाही या आळातून जावं लागलं, म्हणून बोलतो आहे.

पण आमच्या समाजाचं नाव निघालं की डाकीण आणि कुपोषण एवढंच का निघतं? काठी गावची होळी बघायला तुम्ही कॅमेरे घेऊन येता, फोटो काढता आणि परत जाता. मुंबईच्या लोकलमध्ये वशीकरणवाल्या बाबांची स्टिकरं कोण लावतं? ती बघून फोन करणारे आदिवासी नाहीत. गुप्तधनासाठी शेत खणणारे, नोटांचा पाऊस पाडून घ्यायला पैसे देणारे कोण आहेत? तिथे तुम्ही म्हणता 'फसवणूक झाली', आणि आमच्याकडे झालं की 'प्रथा'.

दुसरं. आमच्याकडे पावसाळ्यात रस्ता तुटला की बाळंतीण झोळीत घालून न्यावी लागते. दवाखान्यात पोचलो तरी डॉक्टर असेलच असं नाही. बडवा रात्री दोनला उठून येतो. त्याच्यावर विश्वास का ठेवता हे विचारण्याआधी दुसरं कोण येतं हे विचारा.

आत्या परत गावात राहते आहे. तिला परत आणलं ते आमच्या फळीतल्या (पाड्यातल्या) शिकलेल्या पोरांनी आणि तिच्या भावांनी, पंचांसमोर बसून. बाहेरून कुणी आलं नव्हतं.

सातपायरी

नर्मदाकाठ, तुझं म्हणणं मी मनापासून मान्य करते. रस्त्याबद्दल, डॉक्टरबद्दल, शहरातल्या बाबांबद्दल, सगळं. आत्याला परत आणलंत हे वाचून किती बरं वाटलं काय सांगू.

एका ठिकाणी मात्र मी तुझ्याशी अडून राहीन. बडवा रात्री दोनला येतो हे खरं, पण नाव सुचवलं जाताना मान डोलावतो तोही तोच. त्या मानेची जबाबदारी त्याच्यावर आहेच. मी काम करत असताना काही बडव्यांशी आमचं चांगलं जमलं होतं. त्यांना एवढंच सांगायचो: तुझा विधी कर, पूजा कर, पण मूल निपचित पडलं, साप चावला, डोळे पिवळे दिसले तर त्याच गाडीत तूही बस आणि दवाखान्यात चल. बडवा बरोबर आला की घरचे निर्धास्त येत. आणि मूल बरं झालं की श्रेय त्यालाही मिळे, मग कुणाचं नाव काढायची गरज उरत नसे. त्याला शत्रू ठरवून गावात शिरलेली शिबिरं मी पाहिली आहेत. टाळ्या पडल्या, गाडी गेली, गाव होतं तिथेच राहिलं.

देवगडकर

कोकणातलं थोडं. आमच्याकडे घाडी (तुमचा भगत तोच), देवस्की (देवाच्या नावाने केलेले तोडगे), मूठ मारणं (मंत्राने दुरून अपाय करणं) हे सगळं आहे, पण नाव पुकारून बाईची धिंड काढल्याचं मी तरी पाहिलं नाही. आमच्याकडे संशय आतल्या आत मुरतो. भाऊबंदकीत, आंब्याच्या कलमांच्या वाटणीत. कुणाच्या घरी सलग दोन दुखणी आली की चुलतघरचं बोलणं बंद होतं, देवळात गाऱ्हाणं घातलं जातं, कौल लावला जातो. पिढ्यान्पिढ्या दोन घरं एकमेकांचं पाणी पीत नाहीत आणि कारण विचारलं तर कुणी सांगत नाही.

एक ऐतिहासिक माहिती. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांना 21 डिसेंबर 1909 ला अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या, त्यांना लोकसमजुतींच्या अभ्यासाची आवड होती. त्यासाठीच्या प्रश्नावल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेल्या होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने ते साहित्य छापलं, कोकणाचा भाग 1915 मध्ये. त्यात चेटकावर वेगळं प्रकरण आहे. राज्यकर्त्याच्या नजरेने गोळा केलेलं आहे हे ध्यानात ठेवूनच वाचायला हवं, पण उत्तरं देणारे आपलेच मास्तर होते.

वकिलीण_धुळे

कायद्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर, श्याम मानव आणि अनेक कार्यकर्ते वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात कायदा मंजूर झाला. अनुसूचीत बारा कलमं आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

या धाग्याशी सरळ संबंध असलेली कलमं: एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने गुरांचं दूध आटवते असं भासवून तिच्याबद्दल संशय पसरवणं, चेटूक करते म्हणून मारहाण, धिंड, रोजच्या व्यवहारावर बंदी, आणि साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखणं. लीथकरांनी लिहिलेली आटलेली गाय आमच्या अनुसूचीतही आहे, बघा.

आणखी एक साम्य. ब्रिटनने 1735 मध्ये नवा कायदा केला. त्यात चेटूक हा गुन्हाच उरला नाही. चेटकाची शक्ती आपल्यात आहे असं भासवणं हा गुन्हा ठरला. 1944 मध्ये हेलन डंकन या, मृतांशी संपर्क साधते असं सांगणाऱ्या 'माध्यम' बाईला शिक्षा झाली ती याच कायद्याखाली. आपला कायदाही त्याच बाजूचा आहे. चेटूक असतं की नसतं यावर कोर्ट बसत नाही. आपल्याकडे आळ घेणारा आणि भासवणारा पिंजऱ्यात उभा राहतो.

बिहारने असा कायदा 1999 मध्ये केला, झारखंडने 2001 मध्ये, छत्तीसगडने 2005 मध्ये. देशपातळीवर वेगळा कायदा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदींत 2022 साली जादूटोण्याच्या कारणावरून झालेले 85 खून आहेत. हे फक्त खून. हापशावर उचललेले हंडे कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

जमिनीच्या मुद्द्यावर: गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी झारखंडकडच्या अभ्यासात दाखवलं आहे की काही समाजांत विधवेला नवऱ्याच्या जमिनीवर हयातभर हक्क असतो आणि तिच्यामागे ती दीर-पुतण्यांकडे जाते. तिला डाकीण ठरवून हाकललं की वाट बघावी लागत नाही. सातपुड्यात आजार आधी दिसतो हे ताईंचं निरीक्षण मला खोटं वाटत नाही. पण माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत सातबारा मागवला की बऱ्याचदा दुसरी गोष्ट उघडी पडते. म्हणून मी दोन्ही कागद मागते, दवाखान्याचा आणि तलाठ्याचा.

वैनगंगा

सगळ्यांचे आभार. मला तातडीने सल्ला हवा आहे. गडचिरोली जिल्ह्यात माझ्या मावशीच्या गावात शेजारच्या घरातली मुलगी बरेच दिवस आजारी आहे आणि पुजाऱ्याने काहीतरी सांगितल्यापासून मावशीशी लोक बोलेनासे झाले आहेत. अजून कुणी उघड नाव घेतलेलं नाही. मावशी एकटी राहते. पोलिसांत गेलो तर उलट भडकेल अशी भीती वाटते.

वकिलीण_धुळे

मावशींना आजच दुसऱ्या कुणाकडे तरी झोपायला न्या, किंवा कुणीतरी सोबतीला जा. उद्यावर टाकू नका. धमकी आली की 112. स्त्रियांसाठी 181 आहे. या कायद्याखाली प्रत्येक ठाण्यासाठी दक्षता अधिकारी नेमायचा असतो. त्याला भेटून नुसती लेखी माहिती द्या आणि पोच घ्या. माहिती दिली म्हणजे लगेच कुणाला अटक होते असं नाही, पण ठाण्याला कळलेलं आहे हे गावाला समजलं की हात आखडतात. कोण काय बोललं, केव्हा बोललं, ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. पाणी, दुकान, दळण बंद केलं तर 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही लागतो.

सातपायरी

वकिलीणबाईंनी सांगितलं ते आधी करा. त्याच दिवशी दुसरं काम त्या आजारी मुलीचं. आशाताईला गाठा, 108 बोलवा, मुलगी उपजिल्हा रुग्णालयात किंवा गडचिरोलीला हलवा. गडचिरोलीतही सिकलसेल आहे, मलेरियाही आहे. दोन्ही तपासण्या मागून घ्या. शक्य असेल तर पुजाऱ्यालाही बरोबर न्या. मावशींच्या घरच्या कुणी मुलीसाठी पैसे किंवा डबा घेऊन जाऊ नका, आत्ता त्याचा वेगळा अर्थ निघेल. ते आशाताईमार्फत होऊ द्या.

मुलीचं वय, किती दिवसांपासून काय दुखतंय, डोळे पिवळे आहेत का, अंगावर सूज आहे का, हे मला व्यक्तिगत निरोपात कळवा. तालुकाही कळवा, त्या भागात माझ्याबरोबर काम केलेल्या बाया आहेत. गावाचं आणि मावशींचं नाव इथे उघड लिहू नका.